पहिल्या गिअरमधली घागर

आम्ही जिंकलो. गणपतरावांच्या विहिरीपासून मठाच्या चुलीपर्यंत अंबूआत्याची भरलेली घागर माझ्या मोटारसायकलवरून, मला न शिवता पोचली, आणि दुर्गदबैलाच्या बाजारातल्या भांडेवाल्यांनी पातेली बडवून आमची वरात काढली.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं धरा. अजून असं काही घडलेलं नाही. घागर रिकामी आहे, मोटारसायकल स्टँडवर आहे, आणि अंबूआत्या माझ्या तोंडाजवळ नाक आणून मी काल संध्याकाळी काय खाल्लं ते शोधतेय.

"एग राइस," ती म्हणाली.

"शेंगदाणे खाल्ले, आत्या."

"कोंबडीनं घातलेले शेंगदाणे काय?"

अंबूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या हुबळीकडं सोवळ्याला मडी म्हणतात आणि ओवळ्याला मैलिगे. आत्या पहाटेपासून दुपारपर्यंत मडीत असते आणि मी जन्मापासून मैलिगेत आहे. मडीतल्या माणसाला कुणी शिवलं की मडी गेली. पुन्हा डोक्यावरून आंघोळ, पुन्हा सगळं पहिल्यापासून. यात भेदभाव अजिबात नाही. कलेक्टर आले तरी आत्या त्यांना "तिकडनं जावा की" म्हणेल. एकदा म्हणालीही होती. ते कलेक्टर नव्हते, विजेचा मीटर बघायला आले होते, पण आत्याला ते कलेक्टर वाटले होते, म्हणजे तत्त्व तेच.

श्रावणात मठात स्वामींच्या पुण्यतिथीची आराधना असते, तीन दिवस. नैवेद्याचा स्वयंपाक आत्याचा. माझे वडील हाफ चड्डीत शाळेला जायचे तेव्हापासून तिचाच. मठाचा नियम असा की नैवेद्य जी रांधणार, तिनंच त्या दिवशीचं पहिलं पाणी विहिरीतून शेंदायचं आणि मडीत, स्वतःच्या हातानं चुलीपर्यंत आणायचं. वाटेत घागर खाली ठेवायची नाही. कुणाला शिवायचं नाही. या पहिल्या पाण्याला अग्रोदक म्हणतात. ते आलं की चूल तिची, आणि मग तिथं बाळाचार्यांचंसुद्धा काही चालत नाही. बाळाचार्य म्हणजे मठाचे व्यवस्थापक.

मठाच्या अंगणातल्या विहिरीला पाणी होतं तोवर हा नियम अंगणाएवढाच होता. पण २००३ हे पावसानं फसवलेलं सलग तिसरं वर्ष. दुसऱ्या वर्षापासूनच पोहरा सोडला की चिखल वर यायचा. एकदा हवाई चप्पल आली, डाव्या पायाची. शेवटी बाळाचार्यांनी बोअर मारून घेतली. आत्यानं त्या पाण्याकडं ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

"पंपात चामड्याचा वॉशर असतो," ती म्हणाली.

"अंबूताई, हल्ली रबराचे असतात हो."

"रबराचे आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं? पंपवाल्यानं. त्याला कुणी सांगितलं? रबरवाल्यानं."

या प्रश्नाचं दुसरं टोक बाळाचार्यांना सापडेना. म्हणून मग दुर्गदबैलामागच्या बोळातली, गणपतराव धान्यवाल्यांच्या परसातली विहीर ठरली. तिला पाणी कधी कमी पडलं नाही. गेल्या साली आत्या तिथून मठापर्यंत भर बाजारातून घागर घेऊन चालत आली. "सरीरी, मडी ऐती!" असं ओरडत. बाजू व्हा, मडी आहे. बाजारातले हमालसुद्धा पाठीवरच्या पोत्यासकट भिंतीला चिकटले. मठात पोचेपर्यंत आत्याचा गुडघा असा सुजला की दुसऱ्या गुडघ्याशी त्याची ओळखच राहिली नाही. डॉक्टर म्हणाले, भरली घागर घेऊन चालायचं नाही. म्हणजे नाही.

यंदा आराधनेच्या आधी बाळाचार्य घरी आले. ते वाईट माणूस नव्हेत, हीच अडचण होती.

"अंबूताई, यंदा धारवाडच्या परशुरामला सांगू या. आचारी चांगला आहे, मडीचा पक्का आहे, गुडघे धडधाकट आहेत. तुम्ही निवांत पंगतीत बसा."

"पंगतीत?" आत्या म्हणाली. दुसरं कुणी 'तुरुंगात?' असं ज्या आवाजात विचारेल तसं. "मी पानावर बसू? आणि दुसरं कुणीतरी येऊन मला वाढणार?"

बाळाचार्य गेल्यावर तिनं पायसाचा मोठा डाव भिंतीवरून काढला, पुसला, परत टांगला. थोड्या वेळानं परत काढला आणि परत पुसला. त्या दिवशी मी तिची एकही थट्टा केली नाही. मलाच कसंतरी झालं.

आणि त्या कसंतरी होण्याच्या भरात मी बोलून गेलो, "आत्या, मी आणतो की तुला गाडीवरनं."

माझा चुलतभाऊ गुरुप्रसाद तिथं चहा पीत होता. तो त्याच्या नाकातून बाहेर आला. चहा.

अडचणी बऱ्याच होत्या. रिक्षा त्या बोळात शिरत नाही, आणि रिक्षाच्या सीटवर आजवर कोण कोण बसून गेलं याची चौकशी करायला आत्याला एक जन्म पुरला नसता. मग मीच मडीत राहून गाडी चालवावी असंही निघालं. ओलं धोतर नेसून मी अंगणात एक फेरी मारली. धोतर चेनमध्ये गेलं, मी धोतराच्या मागोमाग गेलो, आणि शेजारच्यांनी पुढचे काही दिवस माझ्याशी फार प्रेमानं बोलणं ठेवलं. आत्यानं तर धोतराच्या आधीच निकाल दिला होता. "संध्या करत नाहीस, एग राइस खातोस. तुला मडी लागूच होत नाही. प्लास्टिकला कल्हई करता येते काय?"

शेवटी प्रकरण बाळाचार्यांकडं गेलं. त्यांनी मोटारसायकलीभोवती प्रदक्षिणा घालावी तशी फेरी मारली.

"सीट?"

"रेग्झीन," मी म्हणालो. "चामडं नाही."

"त्यावर लोकरीची धाबळी घाला. पेट्रोल?"

"जमिनीखालून येतं. विहिरीसारखंच की," गुरुप्रसाद म्हणाला.

बाळाचार्यांनी यावर बराच विचार केला आणि निर्णय दिला. वाहन मडीतही नाही, मैलिगेतही नाही. चालक मात्र पूर्ण मैलिगेत. सबब अंबूताईंनी मागं बसून यायला हरकत नाही, फक्त चालकाचा स्पर्श होता कामा नये. दोघांत चार बोटं अंतर.

हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. मला सोडून. कारण मला माझी गाडी माहीत होती.

ती दोन स्ट्रोकची, जुनी. आमच्या घरी आली तेव्हाच तिचं बालपण संपलेलं. हुबळी-धारवाड रस्त्यावर सोडली तर लोण्यातून सुरी जावी तशी जायची. पण माणूस चालतो त्या वेगाला आणली की तिच्या अंगात यायचं. रेस जराशी दिली तर काहीच नाही. केसभर आणखी दिली की एकदम सगळंच. मग घाबरून रेस सोडली की पुढं ढकलल्यासारखा गचका. पुन्हा दिली की मागं गचका. माझ्या मागं बसणारा प्रत्येक माणूस प्रत्येक चौकात माझ्या पाठीला मिठी मारायचा. मित्रांपैकी एकाचं यामुळं लग्न ठरता ठरता राहिलं होतं. मुलीच्या वडिलांनी आम्हाला हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडला पाहिलं आणि त्यांचा काहीतरी वेगळाच समज झाला.

आणि दुर्गदबैलातून माणसाच्या चालीपेक्षा जास्त वेगानं जाता येत नाही. तिथं गाईसुद्धा क्लच दाबून उभ्या असतात.

यावर गुरुप्रसादनं तोडगा काढला. तो इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत होता आणि जगातल्या सगळ्या गोष्टी वायरीतून जातात असं त्याचं मत होतं.

"मैलिगे सुतातून वाहते," तो म्हणाला. "रेशमातून नाही, लोकरीतून नाही. म्हणजे सूत हे कंडक्टर, रेशीम इन्सुलेटर. दोघांच्या मध्ये लाकडी पाट उभा बांधायचा. गचका बसला तरी आत्या पाटाला लागेल, तुला नाही."

बाळाचार्य म्हणाले, "शास्त्रात हेच आहे, फक्त इंग्रजीत नाही."

आराधनेच्या पहिल्या दिवशी सकाळी आम्ही तसे निघालो. आत्या गणपतरावांच्या ओट्यावरून मागं बसली, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर तांब्याची भरलेली घागर. आमच्या दोघांच्या मध्ये आमच्या घरातला जेवायचा पाट. गणपतराव नमस्कार करून उभे राहिले. मला की गाडीला की पाटाला, ते कळलं नाही.

बोळात पहिला गचका बसला. पाट माझ्या पाठीत. दुसरा गचका. घागर पाटावर आपटली, देवळातली घंटा वाजावी तसा आवाज झाला, आणि दोघा-तिघांनी सवयीनं हात जोडले. बाजारात शिरेपर्यंत पाट तिरका झाला होता आणि घागरीतलं बरंचसं पाणी माझ्या सायलेन्सरला मिळालं होतं. मग आत्या एकदम म्हणाली, "थांब. हा पाट कशानं बांधलाय?"

मी थांबलो. मागं चालत येणाऱ्या गुरुप्रसादकडं पाहिलं. तो आभाळाकडं बघायला लागला.

"परसातल्या दोरीनं," तो म्हणाला. "कपडे वाळत घालायच्या."

"कशाची आहे?"

आता तो चपलेकडं बघायला लागला. "सुताची."

दोरीचं एक टोक माझ्या कमरेवरून गेलं होतं आणि दुसरं आत्याच्या गुडघ्याला टेकलं होतं. डिप्लोमावाल्या माणसानं आम्हा दोघांना स्वतःच्या हातानं वायर जोडून दिली होती.

"आत्या, कुणी बघितलं नाही," मी हळूच म्हणालो.

"मी बघितलं की," आत्या म्हणाली.

ती खाली उतरली, आणि भर दुर्गदबैलात, भांड्यांच्या दुकानांसमोर, राहिलेली घागर रस्त्यावर ओतून टाकली. कुणी विचारलं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. पाणी गटाराकडं निघालं आणि सगळा बाजार ते जाईपर्यंत उभा राहिला.

त्या दिवशी परशुरामनं रांधलं. आत्या पंगतीत बसली. सार चांगलं झालं होतं आणि ते चांगलं झालंय हे तिला जिभेपासून लपवता आलं नाही, त्यामुळं ती आणखीच खचली. पान अर्धं ठेवून उठली. बाळाचार्य तिच्या मागोमाग बाहेर आले.

"अंबूताई, उद्या मधली आराधना. मुख्य दिवस. उद्या अग्रोदक आलं तर चूल तुमची. नाही आलं तर मग आता दरवर्षी परशुरामच. वर्षावर्षाला हा ताप नको, तुम्हालाही आणि देवालाही."

घरी येताना मी म्हणालो, "आत्या, उद्या नायलॉनची दोरी लावू."

"दोरीचं काय घेऊन बसलास? गाडी गचके देते म्हणून पाट आला. पाट आला म्हणून दोरी आली. उद्या पाट नको. उद्या गचका नको."

दुपारीच मी गाडी मारुतीकडं नेली. मारुतीचं गॅरेज लॅमिंग्टन रोडच्या मागल्या गल्लीत. त्याला काम सांगितलं तर तो दुखावला.

"सावकाश?" तो म्हणाला. "सुधींद्र, माझ्याकडं लोक गाडी पळवायला येतात. तुला सावकाश जायचं असेल तर म्हैस घे. ॲव्हरेजही चांगलं देते."

"माझ्या आत्याची चूल जातीय, मारुती."

मारुतीनं स्टूल पुढं ओढला. त्यालाही एक आत्या होती. गाडी उघडल्यावर तो आणखीच चेष्टा करायला लागला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. चेन इतकी ढिली की तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते. हे ऐकून गुरुप्रसादनं मान खाली घातली. मागच्या चाकाच्या हबमधले रबराचे तुकडे, जे इंजिनाचा धक्का गिळायला असतात, त्यांचा चुरा झालेला. रेसची वायर कोरडी आणि सैल, म्हणजे मूठ आज पिळली तर गाडीला उद्या कळायचं. आणि कार्ब्युरेटरमधलं मंद चालीचं बारीक भोक, पायलट जेट, कचऱ्यानं बुजत आलेलं.

"म्हणून ती हळू चालताना उपाशी राहते, आणि रेस वाढवलीस की दुसऱ्या भोकातनं एकदम ताटच्या ताट येतं. तारेनं साफ करायचं नाही, भोक मोठं होईल. बारीक आणि मऊ काहीतरी पाहिजे."

गुरुप्रसाद मठातूनच आलेला. त्याच्या खिशात बाळाचार्यांनी दिलेली दर्भाची जुडी होती. दर्भाची काडी पायलट जेटमध्ये अशी बसली की जणू ब्रह्मदेवानं दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या होत्या. मारुतीनं ती जुडी ठेवून घेतली. पुढं तो सगळ्या हुबळीचे कार्ब्युरेटर दर्भानं साफ करायला लागला, आणि त्याच्या गिऱ्हाइकांच्या पूर्वजांना मोक्ष मिळत असणार.

हबमध्ये नवे रबर घालताना मी विचारलं, "मारुती, रबरच आहे ना हे?"

"मग काय चामडं?"

"आत्या विचारेल. तुला कुणी सांगितलं, रबरवाल्यानं काय?"

मारुतीनं तो तुकडा चावून दाखवला.

तिथून आम्ही अमरगोळला गेलो. तिथल्या मार्केट यार्डाला त्या दिवशी सुट्टी होती. धान्याच्या गाळ्यांमधले लांबच लांब सिमेंटचे रस्ते मोकळे. सरावासाठी मागं गुरुप्रसाद बसला, मांडीवर पाण्याची घागर, दोन्ही कोपरांना ओलं कुंकू. मला पांढरा शर्ट. एक फेरी झाली की तो उतरून माझी पाठ तपासायचा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर माझी पाठ बघून यार्डाच्या वॉचमननं विचारलं, बकरं कुठं कापलं.

गाडी सुधारली होती. आता नापास व्हायची पाळी माझी होती. वेग कमी झाला की मी रेस देत होतो, जास्त झाला की काढत होतो. देत होतो, काढत होतो. गचके आता बारके होते, पण कुंकू बारक्या गचक्यालाही लागतं.

ऊन कलल्यावर रिक्षातून आत्या आली. दुपारची वेळ टळून गेलेली, म्हणजे तिला शिवायला परवानगी होती. तिनं गुरुप्रसादला उठवलं, आपल्या कोपरांना कुंकू फासलं, घागर घेऊन स्वतः मागं बसली, एक फेरी केली, आणि माझ्या उजव्या हातावर फटकन् मारलं.

"हा हात सारखा का हलतोय?"

"वेग सांभाळायला, आत्या."

"पायस कधी केलंयस? नाही. खायला येतोस फक्त. पायसाखालची आच सारखी कमीजास्त केली की दूध लागतं नाही तर उतू जातं. आच एकदा लावायची आणि तिला विसरायचं. मग काय करायचं असेल ते डावानं. डाव कुठला तुझ्या गाडीला?"

मी विचार केला. "मागचा ब्रेक," मी म्हणालो. "आणि क्लच."

"मग आच हलवू नको. डाव फिरव."

मी मूठ थोडी पिळली आणि तिथंच ठेवली. क्लच अर्धा. मागचा ब्रेक पायानं हलकेच दाबून धरला, गाडीला पुढं जावंसं वाटत होतं आणि पाय तिला समजावत होता. वेग वाढवायचा तर पाय थोडा उचलायचा, कमी करायचा तर थोडा टेकायचा. हात जिथल्या तिथं. आणि गाडी चालायला लागली. चालायला म्हणजे खरोखर चालायला, माणसासारखी, देवळात जाणाऱ्या माणसासारखी. गुरुप्रसाद शेजारून चालत होता तो पुढं निघून गेला. घागरीतल्या पाण्यावर, आत्या म्हणाली, एक माशी बसलीय आणि ती उडायला तयार नाही.

शर्टावर नवं कुंकू नव्हतं. आम्ही परत फेरी मारली. नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतरावांच्या ओट्यावरून आत्या बसली. पाट नाही, दोरी नाही, फक्त धाबळी आणि चार बोटं हवा. मी मूठ पिळली आणि तिला विसरलो.

बोळ पार पडला. बाजारात शिरल्यावर आत्यानं "सरीरी, मडी ऐती!" अशी आरोळी दिली, पण त्याची गरज नव्हती. काल ओतलेली घागर सगळ्यांनी पाहिली होती. हातगाड्या आपोआप कडेला गेल्या. आम्हाला ज्यांनी ओव्हरटेक केलं त्यांच्यात कांद्याची हातगाडी, काठी टेकत जाणारे एक आजोबा (त्यांनी मागं वळून माफी मागितली) आणि एक कोंबडी होती. कोंबडीकडं मी पाहिलं नाही. आमचे जुने संबंध होते.

चौकात पोलिसानं शिट्टी मारली.

"गाडी केट्टैतेनु?" तो म्हणाला. बिघडलीय काय?

"नाही साहेब, सुधारलीय."

"लायसन्स?"

थांबणं शक्य नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही, कारण तो सहज शेजारून चालत होता. "साहेब, वरच्या खिशात आहे, काढून घ्या." त्यानं चालता चालता खिशातून काढलं, चालता चालता वाचलं, चालता चालता परत ठेवलं.

"पण एवढं हळू का?"

मागून आत्या म्हणाली, "तुम्ही जरा तिकडनं चाला की. मडी आहे."

पोलीस दचकून बाजूला झाला. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो पुढं गेला आणि दोन्ही हात पसरून रिक्षा अडवायला लागला. कालच्या त्याच भांड्यांच्या दुकानांपुढून आम्ही गेलो तेव्हा एका दुकानदारानं पितळी पातेल्यावर डाव मारला. शेजारच्यानं परातीवर. मग सगळी ओळच वाजायला लागली. आत्या म्हणाली, "ती परात बघ कसली हलकी, पत्रा आहे नुसता." ती खुशीत होती.

मठाच्या गल्लीच्या तोंडाशी गटारावर फरशी टाकलेली आहे, चढ आणि मग उतार. बरोबर तिच्यावरच मघाची कांद्याची हातगाडी अडकली. मला थांबावं लागलं. डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर, चढावर, मागं आत्या, भरलेली घागर, आणि पुढं गाडी ढकलणारा कांदेवाला. हातगाडी निघाली. आता मला उभ्या गाडीनं चढावर उठायचं होतं. गचका कुठं बसायचाच असेल तर तो इथं बसतो, हे मोटारसायकलवर बसलेल्या कुणालाही विचारा. पातेली थांबली. पोलीसही थांबला.

माझ्या उजव्या हाताला मूठ पिळायची होती, जोरात पिळायची होती.

"सुधी," आत्या मागून हळूच म्हणाली, "आच हलवू नको."

मी ब्रेक दाबून धरला. मूठ थोडी. क्लच केसाकेसानं सोडला. इंजिनाचा आवाज खाली आला, खाली आला, म्हैस पाण्यात बसताना काढते तसा झाला, आणि मग पायानं ब्रेकला रजा दिली. गाडी उठली. उठली म्हणजे कुणी उचलल्यासारखी. फरशी चढली, फरशी उतरली. माझ्या पाठीला वारा लागत होता. फक्त वारा.

मठाच्या दारात बाळाचार्य उभे होते, परशुराम उभा होता, अर्धी गल्ली उभी होती. आत्या ओट्यावर उतरली, घागर कमरेवर घेतली. शिवलं की नाही हे फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस काय करतो हे सगळ्यांनी काल पाहिलं होतं.

"अंबूताई?" बाळाचार्यांनी विचारलं.

आत्यानं घागरीत पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. माझ्या पाठीकडं पाहायला मला वळायला लावलं.

"शिवलं नाही," ती म्हणाली, आणि आत गेली.

परशुरामनं डोक्यावरचा पंचा काढला. "अक्का, चूल पेटवून ठेवलीय," तो म्हणाला. "माझा कालचा गॅस काढून ठेवलाय." बाहेर दुकानदारांनी उरलेली पातेली वाजवून घेतली. पोलीस माझ्याशी हात मिळवायला आला आणि मी त्याला मिठीच मारली, कारण मैलिगेत असण्याचे काही फायदेही असतात.

त्या दिवशी पंगतीत परशुराम पानावर बसला होता. आत्या वाढत होती. त्यानं पायस तीनदा मागून घेतलं आणि चौथ्यांदा नुसती वाटी पुढं केली. माझ्यापुढं आली तेव्हा तिनं डाव उंच धरला, आणि पायस वरून, न शिवता, एका सरळ धारेत माझ्या वाटीत सोडलं. एक थेंब बाहेर नाही. मी समजलो. आच कशी धरायची ते ती मला परत एकदा दाखवत होती.

"पुढच्या वर्षी हीच गाडी," ती म्हणाली. आणि संध्याकाळी, मडी सुटल्यावर, मला कागद घ्यायला सांगून तिनं पुढं दिलेला अर्ज सांगितला. तो मी शब्दही न बदलता महापालिकेच्या आवक विभागात दिला. त्यांनी शिक्का मारला. म्हणजे तो कुठंतरी आहे.

मा. आयुक्त, हुबळी-धारवाड महानगरपालिका, यांचे सेवेशी. विषय: सावकाश जाण्याबाबत. महोदय, अर्जदार ही मठाच्या नैवेद्याची चूल सांभाळणारी असून गुडघ्यानं अधू परंतु हातानं धडधाकट आहे. सबब विनंती की, दरवर्षी मधल्या आराधनेच्या सकाळी गणपतरावांची विहीर ते मठ हा रस्ता मडीत असल्याचं जाहीर करावं. सदर रस्त्यावर अर्जदाराच्या पुढं जाणाऱ्या सर्व वाहनांस, पादचाऱ्यांस व कोंबड्यांस दंड करावा. गटारावरची फरशी अर्जदाराच्या सोयीनं सपाट करावी, गटार तसंच ठेवलं तरी चालेल. प्रस्तुत मोटारसायकलची उजवी मूठ ही चालकापासून व वाहनापासून वेगळी समजून सोवळ्यात सामील करून घ्यावी. आणि चालकाच्या लायसन्सवर 'एग राइस खात नाही' असा कायमचा शेरा मारावा. शेरा मारताना चालकाचं म्हणणं विचारात घेऊ नये, ही नम्र विनंती.